पताका कोणाकडे?

तीन लिंगं मराठी माणसाला घरातच मिळतात. इंग्रजी नामांना ती नाहीत. हिंदीने नपुंसकलिंग केव्हाच सोडून दिलं. मराठी, गुजराती आणि कोकणीने मात्र ते संस्कृतापासून जपून ठेवलं आहे. जर्मनमध्येही लिंगं तीनच. म्हणजे जर्मन शिकायला बसलेल्या मराठी माणसाची बरीच वाट आधीच चालून झालेली असते. वर्गात मला हे कुणी सांगितलं नाही. ते माझं मलाच उमगत गेलं, आणि उमगलं तसं मी शेजारच्या बाकांवरच्या मुलींना सांगत गेले. आता लिहायला बसले आहे तेही त्याचसाठी.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. व्याकरणाचा तास मला सगळ्यात प्रिय. एम.ए.ला भाषाविज्ञान होतं, तेव्हा फ्रान्झ बोप आणि याकोब ग्रिम ही नावं वाचली होती. बोपने 1816 मध्ये संस्कृत क्रियापदांची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक क्रियापदांशी तुलना केली. परीकथांमुळे जगाला ठाऊक असलेल्या ग्रिमने 1819 मध्ये जर्मन व्याकरणाचा पहिला खंड काढला. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण त्यानंतर दोन दशकांच्या आत, 1836 मध्ये आलं. ज्या भाषेतल्या लोकांनी आपल्या भाषाकुळाचा इतका खोलवर शोध घेतला ती भाषा एकदा आतून पाहावी, अशी इच्छा तेव्हापासून होती. नोकरी, संसार यातून संध्याकाळ मोकळी व्हायला बराच काळ गेला.

पुण्यात जर्मन काही नवी नाही. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवन यांनी इथे पिढ्या घडवल्या. पण मी ज्या छोट्या वर्गात जाते तिथलं वातावरण वेगळं आहे. तिथे बहुतेक मुली नर्स आहेत. लातूर, सांगोला, सावंतवाडी, यवतमाळ अशा ठिकाणांहून आलेल्या, दिवसपाळी संपवून थेट वर्गात येणाऱ्या. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हापासून घराघरांत जर्मनची चर्चा आहे. तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी 2 पातळीपर्यंत भाषा यावी लागते. माझ्यासाठी जी हौस आहे तिच्यावर या मुलींचं पुढचं आयुष्य उभं आहे. मी मराठीची शिक्षिका आहे हे कळल्यावर त्या मला ‘बाई’ म्हणू लागल्या.

वर्गात समजावून सांगण्याची भाषा इंग्रजी होती, आणि मला पहिल्यापासून खुपलं ते हेच. इंग्रजीत सगळ्या नामांपुढे एकच ‘द’ चालतो. त्यामुळे इंग्रजीतून जर्मन शिकवणाऱ्याला आधी लिंग म्हणजे काय हे समजावावं लागतं, मग टेबल पुल्लिंगी का असं विचारणाऱ्याची समजूत घालावी लागते, मग विशेषण का बदलतं हे सांगावं लागतं. मराठी मुलीला यातलं काहीच समजावायची गरज नसते. ‘तो पलंग, ती खाट, ते अंथरूण’ असं ती न अडखळता बोलते. पलंग पुरुष कसा आणि खाट बाई कशी, हा प्रश्न तिला कधी पडलेलाच नसतो. तरी वर्गात तिच्यापुढे लिंग ही एक विचित्र परदेशी रीत म्हणून येते. आधीच इंग्रजी कच्चं, त्यात हे. मग ती समजते की आपल्याला जर्मन येत नाही. वास्तविक तिला येत नसतं ते इंग्रजी.

डेर, डी, डास म्हणजे आपलं तो, ती, ते. पहिल्या काही तासांनंतर चहाच्या सुट्टीत मी मुलींना तीन रकाने आखायला सांगितले आणि त्यांच्या वॉर्डातले शब्द भरायला लावले. रक्त म्हणजे डास ब्लूट. ते रक्त, डास ब्लूट, जुळलं. हृदय, डास हेर्त्स, जुळलं. जखम, डी वुंडे, जुळलं. खोकला, डेर हूस्टेन, तोही जुळला. पाणी, मूल आणि घर जर्मनमध्येही नपुंसक. शाळा आणि भाषा स्त्रीलिंगी, पाऊस आणि चहा पुल्लिंगी. मुलींचे चेहरे खुलले. मग न जुळणारे शब्द आले. ताप आपल्याकडे ‘तो’, तिकडे डास फीबर. नाक आपल्याकडे ‘ते’, तिकडे डी नाझे. हात ‘तो’, तिकडे डी हान्ट. डोळा ‘तो’, तिकडे नपुंसक. खिडकी ‘ती’, तिकडे डास फेन्स्टर. सूर्य तर जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आहे आणि चंद्र पुल्लिंगी.

तेव्हा मराठीचा कान लिंग असतं एवढं सांगतो, कोणतं आहे ते सांगत नाही. जुळणारे शब्द पाहून हुरळून जाऊ नये. प्रत्येक नाम डेर, डी किंवा डाससकटच पाठ करावं, याला पर्याय नाही. नुसतं ‘फीबर’ पाठ केलं तर ते अर्धंच पाठ झालं.

पण जर्मन शब्दांची शेपटी बघून बरंच ओळखता येतं, आणि हा भाग मला फार आवडला. शेवटी ‘-उंग’, ‘-हाइट’, ‘-काइट’, ‘-शाफ्ट’ असे प्रत्यय लागलेली नामं स्त्रीलिंगी. त्साइटुंग म्हणजे वर्तमानपत्र आणि फ्राइहाइट म्हणजे स्वातंत्र्य. मराठीत दोन्ही नपुंसक, जर्मनमध्ये दोन्ही स्त्रीलिंगी. ‘-लिंग’ आणि ‘-इस्मुस’वाले पुल्लिंगी. वार, महिने, ऋतू पुल्लिंगी. क्रियापद जसंच्या तसं नाम म्हणून वापरलं की नपुंसक, म्हणजे आपलं ‘ते जेवणं’, ‘ते चालणं’. शेवटी ‘-ए’ येणारे पुष्कळ शब्द स्त्रीलिंगी, मात्र सगळे नाहीत.

आणि मग ‘-शेन’. मेडशेन म्हणजे मुलगी, आणि हा शब्द जर्मनमध्ये नपुंसक आहे. मार्क ट्वेनने 1880 साली जर्मन भाषेवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला त्यातही यावरून त्याने बरीच टिंगल केली आहे, आणि आजही इंग्रजीतून शिकवताना हे उदाहरण जर्मनच्या तऱ्हेवाईकपणाचा नमुना म्हणून पुढे केलं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं. ‘-शेन’ आणि ‘-लाइन’ हे लहानपणा दाखवणारे प्रत्यय आहेत आणि ते लागले की नाम नपुंसक होतं, एवढाच नियम. आपल्याकडे वासरू, कोकरू, लेकरू, पाखरू, शिंगरू ही सगळी नपुंसकच आहेत. लेकरू मुलीचं असलं तरी ‘ते लेकरू’. मी हे सांगत होते तेव्हा सावंतवाडीची मुलगी म्हणाली, “बाई, आमच्याकडे तरण्या मुलीक पण ‘ता चेडू’च म्हणतत.” खरंच आहे. मालवणीत आणि गोव्याच्या कोकणीत तरुण मुलीसाठी नपुंसकलिंग रोज वापरलं जातं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. त्या मुलीला मेडशेन समजावून घ्यायला क्षणही लागला नाही.

एकच शब्द दोन लिंगांत दोन अर्थांनी येतो, याचंही इंग्रजीतून शिकणाऱ्याला मोठं नवल. डेर झे म्हणजे तळं, डी झे म्हणजे समुद्र. आपला ‘वेळ’ तसाच नाही का? ‘माझा वेळ गेला’ आणि ‘गाडीची वेळ झाली’. मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’तलं (1911) लिंगविचाराचं प्रकरण मी त्या आठवड्यात पुन्हा काढून वाचलं. पूर्वी ते शिक्षिका म्हणून वाचलं होतं. या खेपेला बाहेरून मराठी शिकायला आलेल्या माणसाच्या नजरेने वाचलं आणि त्यातला शब्द न् शब्द वेगळा लागला.

विभक्ती जर्मनमध्ये चार आहेत. प्रथमेत कर्ता येतो, दुसरीत कर्म, तिसरी साधारण आपल्या चतुर्थीसारखी, चौथी षष्ठीसारखी. यात फरक एवढाच की आपण प्रत्यय नामाला लावतो, जर्मन माणूस तो बदल नामाआधीच्या डेर-डी-डासमध्ये दाखवतो. डेर हा कर्मात डेन होतो, तिसऱ्या विभक्तीत डेम, चौथीत डेस. कर्मात फक्त पुल्लिंगच बदलतं, बाकी दोन जशीच्या तशी राहतात. हे आधी लक्षात ठेवलं की ओझं बरंच उतरतं. शब्दयोगी अव्ययांचे गट पाठ करावे लागतात. ‘मिट’ म्हणजे ‘सह’, त्याच्यामागे कायम तिसरी विभक्ती. ‘फ्युर’ म्हणजे ‘साठी’, त्याच्यामागे कायम दुसरी. हे घोकंपट्टीचं काम आहे आणि नर्सिंगचा अभ्यास केलेल्या मुलींना घोकंपट्टीची भीती नव्हती.

त्या अडल्या त्या विशेषणांच्या प्रत्ययांपाशी. माझ्या मते जर्मन व्याकरणातला सगळ्यात सुंदर भाग तोच आहे, आणि शिकवला मात्र सगळ्यात रूक्षपणे जातो. पुस्तकात तीन तक्ते असतात. नामाआधी डेर-डी-डास असेल तेव्हाचा पहिला, ‘आइन’ म्हणजे ‘एक’ असेल तेव्हाचा दुसरा, काहीच नसेल तेव्हाचा तिसरा. तीन लिंगं आणि अनेकवचन मिळून चार रकाने, चार विभक्तींच्या चार ओळी. एकेका तक्त्यात 16 घरं, तिन्ही मिळून 48. प्रत्यय पाचच: -ए, -एन, -एर, -एस, -एम. पण ते 48 घरांत असे विखुरलेले दिसतात की कुणाचाही धीर सुटावा. सांगोल्याच्या मुलीने तिन्ही तक्ते हॉस्टेलच्या भिंतीवर चिकटवले होते. ती ते न चुकता म्हणून दाखवायची. बोलताना मात्र विशेषण आलं की तिथेच थांबायची, कारण वाक्याच्या मध्यावर भिंतीवरचं बरोबर घर शोधायला वेळ कुठे असतो?

मी तक्ते बाजूला ठेवायला सांगितले आणि एकच शब्द घेतला, त्यांच्या रोजच्या कामातला: ताप. भरपूर ताप. ‘होख’ म्हणजे उंच, जास्त. नामाआधी आला की त्याचं ‘होह-’ होतं.

रुग्णाला भरपूर ताप आहे, हे जर्मनमध्ये नुसतं ‘होहेस फीबर’ असं सांगतात. आधी ना डास, ना आइन. तो भरपूर ताप, असं म्हटलं की ‘डास होहे फीबर’. आता ‘डास’मधला ‘स’ पाहा. पहिल्या रूपात तो विशेषणाच्या शेवटी होता, दुसऱ्यात डासकडे गेला आणि विशेषण साध्या ‘-ए’वर थांबलं. भरपूर तापासह असं म्हणायचं तर ‘मिट होहेम फीबर’. त्यात डेम आणलं की ‘मिट डेम होहेन फीबर’. इथे ‘म’ने जागा बदलली.

लिंग आणि विभक्ती सांगणारी खूण नामाच्या आधी कुणीतरी एकाने उचलायची असते. दिंडीत पताका एकाच्या खांद्यावर असली की बाकीचे मोकळे चालतात, आणि पुढचा नसेल तर मागचा ती घेतो, तसंच हे. डेर, डी, डास पुढे असतील तर पताका त्यांच्याकडे आणि विशेषण मोकळं. ते नसतील तर पताका विशेषणाने घ्यायची. याकोब ग्रिमने पताका घेणाऱ्या रूपांना बलवान आणि मोकळ्या रूपांना दुबळं म्हटलं, आणि आजही जर्मन व्याकरणात हीच नावं चालतात. मला ‘दुबळं’ हे नाव पटत नाही. काम दुसऱ्याने केलं आहे म्हणून जे थांबलं ते दुबळं कसं?

‘आइन’चा तक्ता मग आपोआप सुटतो. पुल्लिंगी आणि नपुंसक दोन्ही नामांपुढे प्रथमेत ‘आइन’ एकसारखंच दिसतं, लिंग सांगत नाही. तेव्हा ते विशेषणाने सांगायचं. ‘आइन आल्टेर पात्सिएन्ट’, एक म्हातारा रुग्ण. ‘आइन आल्टेस बेट’, एक जुनी खाट. खाट तिकडे नपुंसक आहे. स्त्रीलिंगी ‘आइने’ स्वतःच बोलते, म्हणून ‘आइने टीफे वुंडे’, एक खोल जखम, आणि विशेषण पुन्हा साध्या ‘-ए’वर. ‘माइन’ म्हणजे माझा आणि ‘काइन’ म्हणजे एकही नाही, हेही आइनसारखेच वागतात.

मोकळ्या विशेषणाला ‘-ए’ कधी आणि ‘-एन’ कधी, हा प्रश्न उरतो. पहिल्या तक्त्यातल्या 16 घरांपैकी 5 घरांत ‘-ए’ आहे आणि 11 घरांत ‘-एन’. वर्गात ही 5 घरं रंगवायला सांगतात. मराठीतून पाहिलं तर रंगवायचीही गरज नाही. ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल’. पण विभक्तीचा प्रत्यय लागून नामाचं सामान्यरूप झालं की ‘चांगल्या मुलाला, चांगल्या मुलीला, चांगल्या मुलासाठी’. तिन्ही लिंगांत, सगळ्या विभक्तींत एकच ‘-या’. जर्मन ‘-एन’ अगदी हेच काम करतो. डेर, डी, डास एकवचनात आपल्या मूळ रूपात आहेत तोवर ‘-ए’. त्यांचं डेन, डेम, डेस झालं, किंवा स्त्रीलिंगी डीचं डेर झालं, की ‘-एन’. अनेकवचनात सरसकट ‘-एन’. ‘डेर आल्टे पात्सिएन्ट’ म्हणजे म्हातारा रुग्ण आणि ‘डेम आल्टेन पात्सिएन्टेन’ म्हणजे म्हाताऱ्या रुग्णाला. ‘म्हातारा’चं ‘म्हाताऱ्या’ करताना आपण कुठल्या तक्त्यात बघतो? पात्सिएन्ट हा तर अशा थोड्या नामांपैकी आहे की ज्यांचं आपल्या मुलगा-मुलासारखं स्वतःचंही रूप बदलतं.

हे बोलत असताना लातूरची मुलगी एकदम म्हणाली, “म्हणजे बाई, आम्ही हे लहानपणापासून करतोय की!” मला तिला मिठी मारावीशी वाटली. त्या दिवसापासून आमच्या बाकांवर प्रत्यय शोधायचा म्हणजे आधी विचारायचं: पताका कोणाकडे?

एक अपवाद आहे, आणि तोही कारणाशिवाय नाही. ‘भरपूर ताप असूनही’ हे ‘ट्रोत्स होहेन फीबर्स’ असं होतं. आधी डेस नाही, आइनेस नाही, मग विशेषण ‘-एस’ घेऊन पुढे यायला हवं होतं. पण इथे नामानेच शेवटी ‘स’ घेतला आहे. पताका नामाच्या खांद्यावर, म्हणून विशेषण मोकळं.

उलट एका जागी मराठीचा कान आडवा येतो, तिथे जपावं लागतं. आपण ‘ही खाट जुनी आहे’, ‘हा रुग्ण म्हातारा आहे’ असं विशेषण क्रियापदाजवळ गेलं तरी बदलतो. जर्मनमध्ये ते तिथे कोरडं राहतं. ‘डास बेट इस्ट आल्ट’, ‘डेर पात्सिएन्ट इस्ट आल्ट’. आल्ट ते आल्टच. विशेषण नामाच्या पुढ्यात उभं असेल तरच ते बदलतं. आपल्या ‘लाल’ आणि ‘सुंदर’सारखी न बदलणारी विशेषणंही तिकडे मोजकी आहेत: ‘रोझा’, ‘लीला’ हे रंग त्यांतले.

हे सगळं कागदावर कळलं तरी जिभेवर यायला वेगळी मेहनत लागते. जर्मन माणूस हे प्रत्यय आघात न देता, जवळजवळ गिळून बोलतो. ऐकताना ‘-एन’ नुसता ‘न्’ होतो आणि ‘-एम’पासून वेगळा ओळखणं अवघड जातं. म्हणून आम्ही सुटे शब्द सोडले आणि पूर्ण तुकडे मोठ्याने म्हणू लागलो. ‘मिट काल्टेम वासर’, थंड पाण्याने. ‘मिट आइनेर टीफेन वुंडे’, खोल जखमेसह. हातात काम असताना म्हणायचे, जिना चढताना म्हणायचे. यवतमाळची मुलगी रात्रपाळीत, वॉर्ड शांत झाला की, समोरच्या प्रत्येक वस्तूला एक विशेषण लावून तीन प्रकारे म्हणते: डाससकट, आइनसकट आणि नुसतं. मला यापेक्षा चांगला गृहपाठ सुचला नसता, आणि आता मी तो शाळेतही देते. माझ्या वर्गात तेलुगू, कानडी, बंजारा बोलणाऱ्या घरांतली मुलं आहेत. त्यांना ‘लिंग ओळखा’ हा प्रश्न मी आता देत नाही. ‘एक जुनं दप्तर, त्या जुन्या दप्तरात, माझं जुनं दप्तर’ असे तुकडे देते. दप्तर नपुंसकलिंगी आहे हे त्यांना कळण्याआधी त्यांच्या कानाला कळावं, असं मला वाटतं.

माझं आग्रहाचं सांगणं हे की मराठी मुलांना जर्मन मराठीतून शिकवावी. वाचन, लेखन, श्रवण अर्थातच जर्मनमधून. पण व्याकरण समजावताना इंग्रजीच्या दारातून फिरवून आणू नये. त्यासाठी मराठीतून लिहिलेलं, आपल्या सामान्यरूपापासून सुरू होणारं जर्मन व्याकरण हवं. आमच्या वर्गाच्या सरांशी मी हे बोलले. त्यांनी मनापासून ऐकलं आणि आठवड्यातून एक तास मराठीतून घ्यायला मला सांगितलं. मुलींची एक वही त्यातून तयार होते आहे. तिच्यात ताप आहे, जखम आहे, खाट आहे, म्हातारा रुग्ण आहे.

पुढचं प्रकरण संबंधी वाक्यांचं. तिथे डेर, डी, डास हेच ‘जो, जी, जे’ होतात. लिंग आधीच्या नामावरून ठरतं आणि विभक्ती आपल्या वाक्यातल्या कामावरून. ‘ज्या रुग्णाला ताप आहे’, ‘जिला इंजेक्शन द्यायचं आहे’ अशी मराठी वाक्यं मुलींनी आत्ताच वहीच्या डाव्या पानावर लिहून ठेवली आहेत. उजवं पान येत्या शनिवारी भरायचं आहे.